पॉट म्हटल्यानं कुणी पळत नाही

पत्र

नमस्कार. बरीच वर्षं होल्डेम, म्हणजे हातात दोन पत्त्यांचा पोकर, खेळलो. २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा मित्रांबरोबर पणजीला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. तिथं चार पत्त्यांच्या पॉट-लिमिट ओमाहाच्या टेबलावर बसायला लागलो; यात एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढंच, म्हणजे मधे जमलेल्या पैशांएवढंच, बेट मारता येतं. होल्डेममध्ये माझे ब्लफ (पत्ते नसताना नुसता धाक) चालायचे, इथं एकही चालत नाही.

गेल्या खेपेचा हात सांगतो. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोन जागांवरून सक्तीनं टाकायचे पैसे) ५०-१००, माझ्यापुढे आणि समोरच्यापुढे १०,००० च्या चिप्स. मी बटनवर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर. इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का, किलवरचा राजा, चौकटची पंजी. ३५० केले, फक्त बिग ब्लाइंड (१०० टाकलेला गडी) आला. फ्लॉप (मधे उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) : बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची चौकी. त्यानं चेक केलं (पैसे न लावता पुढे सोडलं), मी पॉट मारला, ७५०. कॉल, म्हणजे त्यानंही तेवढेच टाकले. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिकची छक्की. परत पॉट, २,२५०. कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा) बदामाची दुर्री, त्याचं परत चेक. एक्क्यांत आता काही राम नाही हे कळत होतं, पण एवढा जोर लावलाय तर शेवटपर्यंत लावू म्हणून उरलेले ६,६५० आत ढकलले. दहा सेकंद विचार करून तो आला. बदामाचा राजा-गुलाम, सोबत चौकटची राणी आणि इस्पिकची दश्शी. म्हणजे बदामांचा फ्लश, एकाच रंगाचे पाच पत्ते.

तीनदा पॉट मारूनही समोरचा हलत नसेल, तर ओमाहात ब्लफ करायचाच नाही का?

— चौपत्ती, पुणे

उत्तर

नमस्कार चौपत्ती,

करायचा. गंमत म्हणजे तुमच्या बेटांच्या आकड्यांत फारसं चुकलेलं नाही. चुकले ते हातातले पत्ते. हीच तीन बेटं, हाच बोर्ड (मधले पाच पत्ते), हाच गडी, आणि तुमच्या इस्पिकच्या एक्क्याच्या जागी बदामाचा एक्का असता, तर या ब्लफला नावं ठेवायला जागा उरली नसती. असं का, ते नीट उलगडून पाहू.

आधी हिशेब. ३५० ला दोघं आत, स्मॉल ब्लाइंडचे ५० पडलेले, म्हणजे फ्लॉपला पॉट ७५० आणि दोघांपुढे ९,६५०. पॉटएवढं बेट मारून कॉल आला की पॉट तिप्पट होतो : ७५० चा २,२५०, त्याचा ६,७५०. रिव्हरला तुमच्यापुढे उरतात ६,६५०. म्हणजे १०० ब्लाइंडच्या स्टॅकमध्ये (पुढ्यातल्या चिप्समध्ये) तीन पॉट बेटं मापून कापल्यासारखी बसतात. फ्लॉपला ७५० कॉल करणारा माणूस त्या ७५० ला घाबरत नाही. त्याच्या मागून येणाऱ्या २,२५० आणि ६,६५० ला घाबरतो. पॉट-लिमिटमध्ये ब्लफचं सगळं वजन या मागे उरलेल्या पैशात असतं. होल्डेमसारखं रिव्हरला पॉटच्या दुप्पट ढकलून देण्याची इथं सोय नाही. मोठ्यात मोठं बेट मारलंत तरी समोरच्याला दोनास एक भाव मिळतोच, म्हणजे तीनांतून एकदा तो बरोबर असला की त्याचा कॉल फिटला. तुम्हाला मात्र ६,७५० जिंकायला ६,६५० घालायचे आहेत, म्हणून निम्म्या वेळा तो पळायला हवा. शेवटचं बेट एकटं माणूस पळवत नाही. आधीच्या दोन बेटांनी जी गोष्ट रचली, ती पटली तरच तो पळतो.

तुमच्या गोष्टीत म्हणणं काय होतं? नव्वी-अठ्ठी-चौकी, दोन बदाम, यावर बटनवरून पॉट. टर्नला छक्की पडली, दश्शी-सत्ती आणि सत्ती-पंजी दोन्हींची सरळ (ओळीनं पाच पत्ते) झाली, तरी पॉट. रिव्हरला बदाम, तरी पॉट. ही गोष्ट एक्क्याचा फ्लश असलेल्याची आहे, आणि ऐकायला बरी आहे. पण एक्क्याचा फ्लश समोरच्याकडेही असू शकत होता, राजाचा असू शकत होता, राणीचाही, कारण बदामाचा एकही पत्ता तुमच्या हातात नव्हता. त्याच्या हातावर तुमची काडीचीही पकड नव्हती.

होल्डेमच्या सवयीनं इथं फसायला होतं, म्हणून आकडाच बघा. बोर्डवर तीन बदाम आणि तुमच्या हातात एकही नाही. समोरच्याचे पत्ते पूर्ण आंधळे धरले, तर होल्डेममध्ये त्याच्याकडे दोन बदाम असण्याची शक्यता साडेचार टक्के. ओमाहात, चार पत्त्यांत दोन किंवा अधिक बदाम असण्याची, साडेबावीस टक्के. पाचपट. कारण चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. त्यात या माणसानं दोन पॉट बेटं कॉल केलीत. अशा माणसाचे पत्ते आंधळे नसतात, फ्लॉपला दोन बदाम दिसत असताना तर नाहीतच. टेबलावर पाच पत्त्यांचा ओमाहा लागला असेल तर जोड्या दहा होतात. तिथं हे सगळं आणखी कडक धरा.

आता फ्लॉपकडे मागे जाऊ, कारण माझ्या मते पैसे तिथंच गेले, रिव्हरला फक्त पावती फाटली. नव्वी-अठ्ठी-चौकीवर तुमचे दोन एक्के त्या क्षणी पुढे होते खरे. पण त्याच्या राजा-राणी-गुलाम-दश्शीला लागणारे पत्ते मोजा. नऊ बदाम. बदाम सोडून दोन राण्या, तीन गुलाम, दोन दश्श्या, तीन सत्त्या. एकूण १९. उरलेल्या ४१ पत्त्यांतले १९, आणि दोन संधी : कुठला ना कुठला लागण्याची शक्यता सत्तरीच्या वर. म्हणजे ‘पुढे’ असलेला हात खरं तर मागे होता. तुमच्याकडे सुधारायला काय? एक्का पडला तर तीन एक्के, बस्स. बदाम नाही, सरळ नाही, राजा आणि पंजी त्या फ्लॉपवर शोभेला. अशा कोरड्या एक्क्यांनी अशा ओल्या (फ्लश-सरळीच्या संधी असलेल्या) फ्लॉपवर पॉट मारला की वाईट हात पळतात आणि थांबतात ते तुमच्यावर चढलेले किंवा चढू घातलेले. बटनवर होतात, तो चेक करून बसला होता. तुम्हीही चेक करून टर्न फुकट बघायचा होता. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी मागे घेणं म्हणजे पाप. इथं फ्लॉपनंतर ती नुसती एक जोडी असते.

आता बदामाचा एक्का. इस्पिकच्या जागी तो असता आणि दुसरा बदाम नसता, तर तुमचा फ्लश होत नव्हताच. ओमाहात हातातले बरोबर दोनच पत्ते लागतात; बोर्डवर चार बदाम पडले तरी एकट्या एक्क्याचा फ्लश होत नाही, हे नव्यांच्या डोक्यात पटकन शिरत नाही. मग त्याचा उपयोग काय? समोरच्याकडे दोन बदाम असण्याची शक्यता साडेबावीसवरून एकोणिसावर येते. कमी झाली, पण फार नाही. खरी कमाई वेगळीच आहे : ज्या एका हातानं तो कधीच पळणार नाही, तो हात त्याच्याकडे असूच शकत नाही. राजाचा फ्लश घेऊन बसलेल्याला प्रश्न पडतो, ‘याच्याकडे एक्का आहे का?’ आणि त्याचं उत्तर फक्त तुम्हाला माहीत असतं. शिवाय तुमची तीन बेटं, एक्क्याच्या बदामांचा ड्रॉ, म्हणजे एका पत्त्यानं अडलेला फ्लश, असलेला खेळाडू अशीच मारतो. गोष्ट आणि पत्ता दोन्ही जुळतात.

पण हा ब्लफ रिव्हरला सुचून चालत नाही. फ्लॉपलाच ठरवायचा : हातात सुटा बदामाचा एक्का आहे, बोर्डवर दोन बदाम आहेत, बदाम पडला की मी तिन्ही बेटं मारणार. फ्लॉप चेक, टर्न चेक आणि रिव्हरला बदाम पडल्यावर एकदम पॉट, याला कुणी विचारत नाही. आणि बदाम पडलाच नाही तर हात खाली ठेवायचा. सुटा एक्का आहे म्हणून कुठल्याही रिव्हरवर आग लावत सुटायचं नाही. हा डाव जुना आहे, पॉट-लिमिट ओमाहात मुरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे त्याच टेबलावर रात्रीतून दोनदा करू नका, आणि एकदा पकडला गेलात तर खरा फ्लश येईपर्यंत गप्प बसा; तेव्हा पैसे वसूल होतात.

सरळीच्या बोर्डवर हेच गणित आणखी मजेशीर आहे. समजा फ्लॉप दश्शी-नव्वी-चौकी, टर्नला राजा, रिव्हरला तिर्री, फ्लशची शक्यता नाही. इथं सरळ एकच : राणी-गुलाम. चार राण्या गुणिले चार गुलाम, सोळा जोड्या. तुमच्या हातात राणी-राणी-अठ्ठी-सत्ती असेल तर समोरच्याला दोनच राण्या उरल्या, म्हणजे जोड्या आठ. निम्म्या. आणि या हातानं फ्लॉपला बेट मारायला खरं कारणही होतं, कारण अठ्ठी-सत्तीला कुठलाही गुलाम किंवा छक्की लागत होती. टर्नला राजा पडून तुमचं काहीच जमलं नाही, पण गोष्ट मात्र जमली : फ्लॉपला सरळीचा ड्रॉ म्हणून मारलं, राजानं तो पुरा केला. तीन दश्श्या किंवा राजा-दश्शीची दोन जोडी घेऊन बसलेल्याला इथं दोन पॉट बेटं झेलणं फार अवघड जातं. ब्लफ करायचा तर तो असा असावा : सुरुवात खऱ्या हातानं, आणि शेवटाला नट्सचे (त्या बोर्डवरच्या सगळ्यांत मोठ्या हाताचे) पत्ते आपल्या मुठीत.

ज्याला सेमी-ब्लफ म्हणतात (हात अजून बनलेला नाही, पण बनू शकतो) तो ओमाहाचा खरा पोटापाण्याचा धंदा आहे. तुमच्या पत्रात तो कुठेच नाही, म्हणून थोडं थांबतो. फ्लॉप नव्वी-अठ्ठी-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे, आणि हातात गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की. याला रॅप म्हणतात, आणि सरळ करणारे पत्ते निघतात २०. रिव्हरपर्यंत एक तरी लागण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के. अशा हातानं पॉट मारला आणि समोरचा पळाला तर बरं, आला तरी बरं. पण २० हा आकडा फसवा आहे. राणी (४), सत्ती (३), छक्की (३), पंजी (४) पडली तर तुमची सरळ सगळ्यांत मोठी. गुलाम किंवा दश्शी पडली, प्रत्येकी तीन, तर सरळ होते पण वरची सरळ दुसऱ्याकडे असू शकते. म्हणजे पक्के १४ आणि कच्चे सहा.

याचा खिशावर काय परिणाम होतो बघा. टर्न कोरडा गेला, समोरच्यानं पॉट मारला. तुम्हाला ३३ टक्के हवेत. २० धरले तर ४४ पत्त्यांत २०, म्हणजे ४५ टक्के, डोळे मिटून कॉल. १४ च धरले तर ३२ टक्के, नुसत्या भावावर कॉल काठावर तोट्यात. एकाच हाताचा कॉल आणि फोल्ड या सहा पत्त्यांवर ठरतो. त्यापेक्षा राणी-गुलाम-दश्शी-सत्तीचा हात बरा : मोजले तर १६ च, पण सोळाच्या सोळा पक्के. रॅप दिसला की आधी पक्के मोजा.

टर्नला तुम्ही बेट मारणारे असाल, तर हेच पक्के-कच्चे तुमच्या बाजूनं काम करतात, कारण कॉल आला तरी हात मेलेला नसतो. तुमच्या त्या हातात टर्नला २,२५० टाकताना सुधारायला जवळजवळ काहीच नव्हतं. टर्नला पॉट मारायचा तर हातात एकतर नट्स हवेत, नाहीतर नट्सकडे जाणारे पत्ते, नाहीतर नट्स अडवणारे. यांपैकी काहीच नसेल तर चेक.

बेटाच्या मापाबद्दलही सांगायला हवं, कारण पॉट-लिमिट म्हणजे दर वेळी पॉटच, असा अनेकांचा समज दिसतो. फ्लॉप राजा-राजा-सत्ती, वेगवेगळे रंग. इथं कुणाकडे राजा आहे किंवा नाही, मधलं फारसं काही नाही. पॉटच्या एक तृतीयांश बेट मारलंत तर चारांतून एकदा तो पळाला तरी बरोबरी सुटते. अर्ध्या पॉटला तीनांतून एकदा, पूर्ण पॉटला दोनांतून एकदा. ज्याच्याकडे राजा नाही तो २५० लाही पळतो आणि ७५० लाही. मग जादाचे ५०० कशाला? पूर्ण पॉट ठेवा ओल्या बोर्डसाठी, जिथं ड्रॉवाल्याला भाव महाग पडायला हवा आणि पुढच्या बेटांसाठी पॉट फुगायला हवा.

रेझचं (समोरच्याच्या बेटावर वाढवण्याचं) माप चुकतं, म्हणून एकदा पाठच करून टाका : समोरच्याच्या बेटाची तिप्पट, अधिक त्याच्या बेटाआधीचा पॉट. पॉट ७५०, त्यानं ५०० मारले, तर तुमचा कमाल आकडा १,५०० अधिक ७५०, म्हणजे २,२५०. नो-लिमिटमध्ये डीलर पॉट मोजून सांगत नाही, पॉट-लिमिटमध्ये सांगतो, बेधडक विचारा. पण विचारायची सवय दर हाताला ठेवा. फक्त ब्लफच्या वेळी विचारत असाल तर दुसऱ्याच दिवशी टेबलाला कळतं. आणि ‘पॉट’ हा शब्द तोंडातून गेला की तो बांधील असतो, मागे घेता येत नाही.

कधी ब्लफ करूच नये, तेही ऐका. तीन जण आत असतील तर. प्रत्येक जण दहांतून आठ वेळा पळेल असं धरलं, तरी तिघंही पळण्याची शक्यता ५१ टक्के, पॉट बेटाला कशीबशी पुरते. आणि दहांतून आठ वेळा पळणारे तिघं एका टेबलावर तुम्हाला मिळणार नाहीत. स्टॅक उथळ झाला असेल तर. प्री-फ्लॉप (फ्लॉपच्या आधी) थ्री-बेट, म्हणजे रेझवर रेझ, झाली, ३५० चे १,१०० झाले आणि कॉल आला, की पॉट २,२५० आणि मागे ८,९००. तीनाऐवजी दोनच पॉट बेटं उरली, धाकाचा एक जिना कमी झाला. स्ट्रॅडलनंही (पत्ते बघण्याआधी मारलेल्या जादा ब्लाइंडनंही) तेच होतं : ५०-१०० च्या टेबलावर २०० चा स्ट्रॅडल लागला की तुमचे १०० ब्लाइंड पन्नास होतात. रात्री दहानंतर टेबलावर प्रत्येक हाताला स्ट्रॅडल पडत असेल, तर ब्लफची वही मिटा आणि नट्सचे पैसे वसूल करा.

आणि माणूस बघा. बदामाच्या एक्क्याचा ब्लफ राजाचा फ्लश टाकू शकणाऱ्यावरच चालतो. शनिवार-रविवारी बोटीवर बसलेले बरेच गडी होल्डेममधून आलेले असतात. राजाचा फ्लश त्यांच्या लेखी सोन्याची वीट, ती ते कुठल्याही भावाला सोडत नाहीत. तुमचा गडी दहा सेकंद थांबला, ही चांगली खूण आहे. त्याला दुसऱ्या नंबरच्या हाताची भीती वाटते. अशा माणसाची जागा लक्षात ठेवा आणि त्याच्या डाव्या हाताला बसायला मिळालं तर सोडू नका. त्याच्यानंतर बोलायला मिळणं हे निम्मं काम आहे. जो तीन सेकंदांत चिप्स सारतो, त्याला फक्त खरे हात दाखवा.

पुढच्या खेपेआधी घरी एक सराव करा, पैशांशिवाय. पत्ते पिसा, चार स्वतःला, तीन मधे. दहा सेकंदांत तीन गोष्टी मोठ्यानं म्हणा : आत्ताचे नट्स काय, ते अडवणारा माझ्याकडे एखादा पत्ता आहे का, आणि टर्नला कुठले पत्ते आले की नट्स बदलतील. मग टर्न उलटा, परत तेच. रिव्हर उलटा, परत तेच. रोज तीस हात, वीस मिनिटं. पहिल्या दिवशी दर पाच-सहा हातांत एखादी सरळ नजरेतून सुटेल, बहुधा चौकी-छक्की-अठ्ठीसारख्या तुटक बोर्डवर. ती सुटायची थांबली की मग सुट्या एक्क्याचा डाव टेबलावर काढा.